रानाकडून वाजलेलं शिंग

ओहायोचा कालवा तेव्हा बोटी वर-खाली करायच्या माझ्या हौदापाशीच संपायचा. पलीकडे डबकंभर पाणी, मग नुसतं रान. नदीपर्यंतची खोदाई अजून व्हायचीच होती. माझं काम सोपं: बोटवाल्यानं शिंग फुंकलं की हौदाचं त्या बाजूचं लाकडी दार दांडा रेटून उघडायचं, बोट आत घ्यायची, दार लावायचं.

भर दुपारी शिंग वाजलं. हात सवयीनं दांड्याला गेले, दार उघडलंही. मग कळलं, शिंग रानाकडून वाजलं होतं.

"कुणासाठी उघडलंस रे, फेलिम?" माझी बायको होनोरा पावांची टोपली घेऊन काठावर आली. "रानातून काय झाडं येणारेत बोटीत बसून?"

मी हसणार, तोच हौदातलं पाणी वीतभर चढलं. भरलेली बोट आत शिरली की चढतं, अगदी तसंच. बोट कुठेच नव्हती.

होनोराच्या हातून टोपली सुटली. "लाव ते दार! आधी लाव!"

मी सगळा भार टाकून दांडा रेटला. दार अर्ध्यावर कशावर तरी थडकलं आणि हातांखाली थरथरत राहिलं. मधून काहीतरी सरकत होतं.

हौदात एकच बोट मावते. पाणी काठ ओलांडून आमच्या पायांवर आलं, तरी ते जे काही होतं, ते आत येतच होतं.