पुस्तकाबाहेरची रेघ

दान मिळालेल्या मेंदूचे नणंद स्कॅन काढायची. भावजय त्याच मेंदूचे कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. स्कॅनमध्ये कुठल्याच पुस्तकात नसलेली रेघ दिसे, पण कापाचं चित्र त्यावर काही केल्या जुळेना. “यंत्रच बिघडलंय, ताई,” भावजय म्हणाली. “तुझा कापच आक्रसलाय!” नणंद कडाडली. भांडण घरापर्यंत पोचलं. दोघींनी अबोला धरला. एका दुपारी भावजयीचा नवरा प्रयोगशाळेत डबे घेऊन आला तो स्वेटर उलटा घालून. बाहेरची शिवण बघून भावजय खुदकन हसली आणि एकदम चपापली. तिनं कापाची काच तपासली. काप पालथा चिकटला होता! संगणकावर चित्र उलटवताच स्कॅनवर चपखल बसलं. रेघेच्या जागी पेशींची दाट ओळ होती. “ताई, रेघ खरी निघाली! चूक माझी.” नणंदेनं पडदा पाहिला आणि तिला मिठीच मारली. “चूक कसली? रेघ केवढी देखणी गं!”