चढावरचा आवाज

घाटाच्या दुसऱ्या वळणावर तो आवाज पुन्हा आला. टिक टिक टिक. मग बंद.

सासऱ्यांनी मान न वळवता कान मागे लावला. मागे सून होती. तिच्या सायकलीत काहीतरी वाजत होतं, आणि वाजणारी वस्तू सासऱ्यांना स्वस्थ बसू देत नसे. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत, नुसतं चाक फिरवून ते मशीनचं दुखणं सांगत. आणि इथे घरचीच सायकल वाजतेय नि कारण सापडत नाही, म्हणजे दिव्याखालीच अंधार.

"ऐकलंस?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"काय, बाबा?"

"टिक टिक. चढ लागला की सुरू होतं."

"मला नाही बाई काही ऐकू आलं."

पुढच्या रविवारी चारशे किलोमीटरची मोठी फेरी होती. वाटेत असेच घाट, आणि ठरल्या वेळेत पोचलं नाही तर बाद. दोघांनी जोडीने नाव दिलं होतं. सासऱ्यांनी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, सुनेने त्यांच्या मागोमाग यायचं, असा बेत. बेत अर्थातच सासऱ्यांचा. "पोरीला मी ओढत नेतो," असं ते दुकानात येईल त्याला सांगत. सरावात मात्र दर वेळी घाटातच उशीर होई. नवीन आहे, दमते बिचारी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. त्यात आता तिची सायकलच वाटेत मोडली तर सगळं मुसळ केरात.

"थांब," ते म्हणाले. "आज याचा निकालच लावतो."

कठड्याशी त्यांनी तिची सायकल उलटी उभी केली. बाटलीचा स्टँड हलवून पाहिला, सीटचा नट आवळून पाहिला, चेनवरून बोट फिरवलं. सून कठड्यावर बसून केळं सोलत होती. सासऱ्यांचा श्वास अजून भात्यासारखा चालला होता. तिचा नव्हता. त्यांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण त्यांचं लक्ष चाकात होतं.

हाताने पायडल फिरवलं. आवाज नाही. जोरात फिरवलं. नाही. कंटाळून त्यांनी पायडल धरून थांबवलं, आणि मोकळं फिरणारं मागचं चाक बोलू लागलं. टिक टिक टिक.

हा काही रोग नव्हे. पाय थांबले की मागचं चाक वाजतं, हे शेंबडं पोरही सांगेल. उतारावर सगळ्यांच्याच सायकली वाजतात. सायकल ठणठणीत होती. सासऱ्यांनी सायकल सरळ करायला हात घातला आणि तो तसाच राहिला.

उतारावर ठीक. पण चढावर पाय कोण थांबवतं? चढावर पाय थांबवणं परवडतं ते ज्याच्या अंगात जोर शिल्लक आहे आणि ज्याच्या पुढे कोणीतरी वाट अडवून चाललंय, त्यालाच.

"काही दुखतंय का, बाबा?" सुनेने विचारलं. ती दातांची डॉक्टर. हा प्रश्न कायम तिच्या ओठांवर.

"कधीपासून थांबवतेस पाय?"

केळ्याचा घास तिच्या गालातच राहिला. मग ती सालीकडे बघत म्हणाली, "आईंनी बजावलंय. 'ह्यांना मागे टाकून पुढे जाऊ नकोस. ईर्ष्येला पेटतील आणि छाती फुटेस्तोवर दामटतील.'"

"म्हणजे माझं मशीन तुम्ही दोघी मिळून चालवताय!"

ती हसली. तेही हसले, पण त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. दुकानात मारलेल्या सगळ्या फुशारक्या एकामागोमाग आठवल्या. आणि त्या वाईट वाटण्यातूनच, खोड जाईना म्हणून, एक प्रश्न डोकं वर काढू लागला. ही पोरगी मोकळी सुटली तर जाते तरी किती?

त्यांनी सायकल सरळ करून तिच्या हातात दिली. "आता पुढे तू."

"पण आई..."

"तिला मी बघतो. आणि मला काय कोणी पळवून नेतंय? रस्ता ओळखीचा आहे. जा. रविवारीही असंच जायचं."

"तुम्ही ईर्ष्येला पेटणार नाही ना?"

"नाही गं. मला फक्त बघायचंय."

सून निघाली. आधी संकोचाने, मग नेहमीसारखी, मग सासऱ्यांनी कधी पाहिली नव्हती तशी. ते आपल्या सायकलवर टांग टाकेपर्यंत ती वळणाशी पोचली आणि दिसेनाशी झाली. सासरे तोंडाचा आ करून बघत राहिले. आपण हिला ओढत होतो! मग भानावर येऊन ते आपल्या चालीने चढू लागले. घाटात कोणी नव्हतं. पानही हलत नव्हतं.

इतक्यात वरून, वळणापलीकडून आवाज आला. टिक टिक टिक.

ती थांबत होती.

सासरे पायडलवर उभे राहिले. होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि ओरडले, "पायडल मार गं!"

टिकटिक थांबली.

पुढच्या वळणावर ती दिसली नाही. त्याच्या पुढच्यावरही नाही. सासरे कान लावून चढत राहिले. आता घाटात एकच आवाज होता, त्यांच्या धापेचा, आणि तो कुठून येतो हे शोधायला काहीच उलटं करावं लागणार नव्हतं.