भाकरीचा डबा

सकाळपासून भिकनचे हात रिकामे होते आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. कालपर्यंत भट्टीतलं वितळलेलं ॲल्युमिनियम तोच पळीनं साच्यात ओतायचा. आता ते काम पिवळ्या कठड्यामागचा रोबो करत होता आणि भिकन बाहेर येरझाऱ्या घालत होता. जेवणाची वेळ झाली. भाकरीचा डबा गरम करायला सवयीनं त्यानं कठड्यावरून भट्टीच्या काठाकडे हात नेला, तोच भोंगा वाजला. भरली पळी तशीच धरून रोबो जागीच थिजला. इंजिनीअर पुनम धावत आली. "भिकनभाऊ, हात आत गेला की थांबतो तो!" "थांबस हाऊ?" रोबोकडे बघत भिकननं विचारलं. मग त्यानं हात मागे घेऊन पाहिला. दोन बोटं जुन्या मशीननं खाल्ली होती. ते काही थांबलं नव्हतं. पुनमनं बटण दाबलं, रोबो हलला. भिकननं पुन्हा हात आत घातला. रोबो थांबला. या वेळी हातात डबा नव्हता.