तिसऱ्या दालनातली उशी

पोलंडमधल्या तोरुन शहरात एका जुन्या सरदाराच्या घराचं संग्रहालय झालं, तेव्हापासून यागोदाची आई तिसऱ्या दालनात खुर्चीवर बसून लोकांना "हात लावू नका" असं सांगत आली. एकतीस वर्षांत तिला बढती काही मिळाली नाही. खुर्ची टणक होती, म्हणून बसल्या बसल्या तिनेच एक उशी विणून घेतली.

आई गेल्यावर महिन्याभराने यागोदा ती उशी घरी न्यायला आली. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं. बुटांवर संग्रहालयाच्या लोकरी सपाता चढवून ती चकचकीत लाकडी जमिनीवरून घसरत तिसऱ्या दालनात पोचली, तर खुर्चीभोवती लाल दोरी. मधल्या काळात संग्रहातल्या वस्तूंची वार्षिक मोजदाद झाली होती, आणि उशीला नंबर टाचून खाली पाटी लावली होती: 'सरदार घराण्यातील विणकाम, अठरावे शतक.'

उशीच्या कोपऱ्याला यागोदाच्या शाळेच्या कोटाचं निळं बटण होतं. तिने हात पुढे केला.

"हात लावू नका, बाई," नवी राखणदारीण म्हणाली.

"अहो, ही माझ्या आईची आहे."

"इथे येणारा प्रत्येक जण सरदाराच्याच पोटचा असतो. मागे व्हा बघू."

"मग फोटो तरी काढू का?"

"काढा. फ्लॅश नको, जुने रंग आहेत, उडतात."

यागोदाने फोटो काढून मावशीला पाठवला आणि खाली लिहिलं:



"मावशी, आईला अखेर बढती मिळाली."