ओवीतलं नाव

"तुझं नाव काय गं, बाय?" लंकाबाईनं विचारलं ते मोनिकाला. रेकॉर्डिंग करायचा मोबाईल मोनिकाच्या हातात होता. तिच्या अगदी शेजारी तिची वर्गमैत्रीण धनश्री उभी होती. तिला लंकाबाईनं नाव विचारलं नाही.

कोल्हारच्या पुढं ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या त्या खोपटांपुढं आज नगरच्या कॉलेजातला एम. ए. इंग्रजीचा अख्खा वर्ग येऊन उभा होता. सर होते, आणि हैदराबादहून आलेल्या परीक्षक मॅडम होत्या. मॅडमना मराठीचा गंध नव्हता. म्हणून दुभाषी म्हणून धनश्रीला पुढं केलं होतं. तिच्यासारखं इंग्रजी वर्गात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

हे सगळं तिनंच ओढवून घेतलं होतं. प्रकल्पाचा विषय होता तोंडी साहित्याचं इंग्रजी भाषांतर. बाकीच्यांनी छापील गाण्यांवर भागवलं. धनश्रीनं ऊस तोडणाऱ्या बाईच्या चाळीस ओव्या आणल्या. त्या गोळा करायला तिला कुठं जावं लागलं नाही. आईच्या तोंडून त्या ऐकतच ती मोठी झाली होती. पण पहिल्या दिवशी ओळख करून देताना तिनं वर्गात सांगून टाकलं होतं, आईवडील दोघंही पाथर्डीला शिक्षक आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ती झाकत राहणं आलं. सर पडताळणी करतात म्हणून गाणाऱ्या बाईचं नुसतं पहिलं नाव आणि ठिकाण तिनं खरं दिलं. 'गायिकेशी नातं' या रकान्यात मात्र 'काही नाही' असं लिहिलं. आणि ओव्यांत जिथं जिथं 'धनश्री' होतं, तिथं 'सविता' घातलं.

भाषांतर फार छान उतरलं. इतकं, की मॅडमनी हट्टच धरला, मूळ बाईच्या तोंडून ऐकायचं. वर्गाला सहल मिळाली. धनश्रीच्या पायाखालची वाळू सरकली.

आदल्या दिवशी तिनं आईला फोन केला. "आई, उद्या कालेजची मान्सं येनार हायेत. मी बी आसंन. पन तू मला वळख देऊ नकू."

पलीकडं बैलांची घुंगरं वाजत होती.

"बरं," लंकाबाई म्हणाली. "जेवलीस का?"

त्या 'जेवलीस का'ची धनश्रीला फार लाज वाटली. पण 'नको आई, दे तू ओळख' एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

आता लंकाबाई ठेवणीतलं पातळ नेसून पोत्यावर बसली होती. नवरा गाडी घेऊन कारखान्यावर रांगेत उभा होता. तिनं पदर सारखा केला, गळा खाकरला आणि सुरुवात केली.

"पहाटंच्या गाडीला गं, बैल जुपिते जोडीचं,
लेक माझी मोनिका, बुक वाचिती गोडीचं."

नावापाशी तिचा श्वास किंचित अडखळला. बाकी कुणाला ते कळलं नाही. मोनिका तर नुसती हरखून गेली.

सरांनी प्रकल्पाची पानं चाळली. "इथं तर सविता आहे."

"नाव फिरतं असतंय, सर. जी गाती ती आपल्या लेकीचं घालती. पावनी आली तर तिचं घालायचं. तिला बी बरं वाटतं."

धनश्रीनं ते इंग्रजीत सांगितलं. चांगलंच सांगितलं, मॅडमनी लगेच टिपून घेतलं. मग त्यांनी सहज विचारलं, यांच्या स्वतःच्या मुलीचं नाव काय?

धनश्रीला आईच्या तोंडाकडं बघवेना. तिनं आईच्या पायांकडं बघितलं. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत फडातली काळी माती होती.

"मॅडम विचारतात, तुमच्या मुलीचं नाव काय?"

आईला तिनं जन्मात पहिल्यांदा 'तुमच्या' म्हटलं.

"लेक न्हाई मला," लंकाबाई म्हणाली. चटकन म्हणाली, कालपासून घोकून ठेवल्यासारखी.

सगळे धनश्रीकडं बघू लागले. तीन शब्दांचं वाक्य. पाचवीतल्या पोरालाही त्याचं इंग्रजी जमलं असतं. चाळीस ओव्या करून बसलेल्या धनश्रीला ते जमेना. ओळख देऊ नको, एवढंच तिनं सांगितलं होतं. आईनं लेकच पुसून टाकली होती. हे आपण करायला लावलं, दुसऱ्या कुणी नाही, हे तिला लख्ख दिसलं.

"धनश्री?" सर म्हणाले.

मग ती बोलली. इंग्रजीतच बोलली, कारण मॅडमना उत्तर द्यायचं होतं. त्या खरं सांगत नाहीत, ती म्हणाली. त्यांना मुलगी आहे. ती मी. ओवीतलं नाव मी बदललं. माझे आईवडील शिक्षक नाहीत, ते ऊस तोडतात. प्रकल्पात मी नातं खोटं लिहिलं, आणि आत्ता हे खोटं बोलायलाही मीच सांगितलं होतं.

मॅडमचं पेन थांबलं. सरांनी पानं मिटली. मोनिकाच्या हातातला मोबाईल खाली आला.

लंकाबाईला यातलं अक्षर कळलं नव्हतं. तिनं फक्त सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघितले आणि ती घाबरली. तिनं मोनिकाचा हात धरला, तिला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं,

"का गं बाय, त्या पोरीनं नीट सांगितलं ना? मला लेक न्हाई म्हनून?"