ड्रायव्हरची सीट

गुडघा निकामी झाला आणि बास्केटबॉल संघाचा साडेसहा फुटी कप्तान दारूच्या आहारी गेला. टाळ्यांची सवय होती, घरातली शांतता त्याला खायला उठायची. एका संध्याकाळी त्याच्या गाडीखाली कामावरून परतणारी नर्स सापडली, जागीच गेली. तो न थांबता घरी आला. सकाळी पोलीस आले तेव्हा वडीलच पुढे झाले. “गाडी मी चालवत होतो, साहेब.” लेकाला हायसं वाटलं. “काका, जरा गाडीत बसून दाखवा,” इन्स्पेक्टर म्हणाले. सीट पार मागे सरकवलेली होती. ठेंगणे वडील बसले; पाय ब्रेकच्या वीतभर अलीकडेच राहिले. ते पुढे घसरले, घामाघूम झाले. “पोहोचतात, साहेब, पोहोचतात!” इन्स्पेक्टरांनी मान वर करून कप्तानाकडे पाहिलं. ते म्हणाले, “आता तरी बोल की रे!” तो गप्पच. वडील अजून पाय ताणत होते.