उंबरकोंडचा ठिपका

"बाई, तिसऱ्यांदा सांगतोय, उंबरकोंड सुरक्षित आहे." अरविंदने टेबलावर हात आपटला. "मी स्वतः वर जाऊन मोजलंय."

"आमचा डोंगर फाटलाय, साहेब. भेगंत हात जातो," मंजुळाबाई म्हणाल्या.

पोलादपूरच्या डोंगरातल्या सात वाड्यांच्या त्या अंगणवाडी सेविका. २००६चा मे सरत आला होता. मागच्या पावसाळ्यात दरडींखाली माणसं गेली, म्हणून यंदा धोक्याच्या वाड्या आधीच खाली हलवायच्या होत्या. वाडीचा ठिपका नकाशावर उतारावर पडला तर धोका, सपाटीवर पडला तर नाही. यादी आज संध्याकाळी अलिबागला जाणार होती. तिच्यात या सातांपैकी एकही वाडी नव्हती.

नकाशे करणाऱ्या कंपनीचा अरविंद पुरता वैतागला होता. पूर्वी तो नुसते आकडे पाठवायचा. एकदा मुंबईत कुणीतरी अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली आणि सगळा तालुका नॉर्वेच्या पलीकडे समुद्रात जाऊन पडला. बोलणी याने खाल्ली. म्हणून यंदा महिनाभर खपून त्याने नव्या पद्धतीची फाईल केली होती. तिच्यात प्रत्येक आकड्याच्या आधी आणि नंतर कंसात त्याची ओळख लिहिलेली. आकडा कुणाच्याही हाती पडो, आपण कोण ते तो स्वतःच सांगणार.

"तुम्हीच वाचा." त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "मराठीत आहे. यात घोळ होऊच शकत नाही."

मंजुळाबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि ओळीखाली बोट धरलं.

"वाडी, उंबरकोंड. उंची, साठ मीटर." त्या थबकल्या. "मोजणीची वेळ, अकरा वाजून पाच मिनिटं."

बोट खाली सरकलं.

"वाडी, भेकरकोंड. उंची, साठ मीटर. तारीख तीच. वेळ, अकरा वाजून सात मिनिटं."

"झालं समाधान?" अरविंद म्हणाला. "अजून काय लिहायचं राहिलंय का?"

"नाय, सगळं लिवलंय." मंजुळाबाईंनी चष्मा काढला. "उंबरकोंडवरनं भेकरकोंडला जायाला मला दोन तास लागतात, साहेब. तुमी दोन मिनिटांत पोचलात. त्या दिवशी तुमची जीप खाली पोलादपूरच्या नाक्यावरनं हलली तरी व्हती काय?"